शेटेबाईंची हद्द

गरोदर बाई समोर येऊन बसली की इतर नर्सा विचारतात, "कितवा महिना?" शेटेबाई विचारायच्या, "यंदा कोणत्या कारखान्यावर?" उत्तर मिळेपर्यंत त्या तपासायला घेत नसत. कारखाना कुठला, मुकादम कोण, टोळीत गावातलं आणखी कोण कोण आहे, हे सगळं त्या पिशवीतल्या एका जाड वहीत उतरवून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, नीज आता."

आमच्या पाटोदा तालुक्यात दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. जोडीतलं एक माणूस मागं राहिलं तर दुसऱ्यालाही काम नसतं, म्हणून पोटुशी बाईही जाते. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या घालून ही माणसं उन्हाळ्यापर्यंत राहतात. हे सगळं मला लहानपणापासून दिसत होतं, कारण मी शेजारच्या चौसाळ्याची. हमरस्त्यावरून कोयत्यांनी भरलेले ट्रक जाताना पाहतच मी मोठी झाले. पण नर्स म्हणून त्याकडे कसं बघायचं, ते शेटेबाईंनी शिकवलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. नर्सिंगचा कोर्स करून मी एका उपकेंद्रावर नव्यानेच रुजू झाले होते आणि शेटेबाई आमच्या पर्यवेक्षिका होत्या. केजच्या लिंगायत दुकानदाराची मुलगी, लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी विधवा झालेली. भावाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसण्याऐवजी त्यांनी ही नोकरी धरली होती. कपाळावर भस्माची आडवी बोटं, पांढरी सुती साडी, पायात पुरुषी वहाणा. चालायला लागल्या की माझ्यासारखी बावीस वर्षांची पोरगी मागे पडायची.

पहिल्याच तपासणीला त्यांनी माझं रजिस्टर उघडलं. दिवाळीनंतरच्या पानावर चार गरोदर बायांच्या नावांपुढे मी लाल शाईने सुबक अक्षरात 'स्थलांतरित' असं लिहिलं होतं. आम्हाला तसंच शिकवलं होतं.

"मंगल, स्थलांतरित म्हंजी काय गं?"

"बाई, ऊस तोडायला गेल्या."

"आन् पोट हितं ठिवून गेल्या का?"

त्यांनी पिशवीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला आणि एक कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "लिव्ह. चौघीबी कर्नाटकात गेल्यात. तितल्या दवाखान्यात महादेवी नावाची नर्स हाय. तिला लिव्ह, बहीण, माझ्या चार बाया तुझ्या गावात आल्यात."

महादेवीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी कारखान्याजवळच्या दवाखान्याचा पत्ता मुकादमाकडून घेऊन, नुसतं 'नर्सबाई यांस' असं लिहून त्यांनी पहिलं कार्ड टाकलं होतं. महिन्याभराने कानडीत उत्तर आलं. ते वाचायला त्या पाटोद्यातल्या एका म्हाताऱ्या जंगम स्वामींकडे गेल्या. स्वामी तरुणपणी तिकडे शिकलेले. तेव्हापासून ही रीतच पडून गेली. आमची कार्डं मराठीत जात, तिकडे कारखान्यातला कोणी मराठी कारकून ती महादेवीला वाचून दाखवी, आणि कानडी उत्तरं इकडे स्वामी वाचत. अशीच कार्डं सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडेही जात. काही नर्सा उत्तर देत, काही देत नसत. शेटेबाई म्हणायच्या, "निम्म्या बोलल्या तरी लई झालं."

तालुक्याच्या साहेबांना हे पसंत नव्हतं. त्यांना मार्चच्या आत शस्त्रक्रियांच्या केसेस हव्या असत. कुटुंबनियोजनाचं टार्गेट तेव्हा प्रत्येक नर्सच्या डोक्यावर होतं आणि बैठकीत ते नाव घेऊन विचारलं जाई. "शेटेबाई, आता पाटोद्यात एसटीडी बूथ आलाय, जिल्ह्याला फॅक्स आहे, आणि तुम्ही कार्डं काय लिहिता?" असं एकदा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, कोपीत फॅक्स जात न्हाई. टपालवाला जातो." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "टार्गेट साहेबाचं असतं, पोरी. पोट बाईचं असतं. दोन्ही एका रकान्यात बसत न्हाईत."

पुढच्या वर्षी जे घडलं, ते सांगताना मला अजून जड जातं.

त्या दिवाळीतही माझ्या गावांतून चार गरोदर बाया महादेवीच्या हद्दीत गेल्या. त्यांतली द्वारका अंगात रक्त नसलेली, मागच्या खेपेला बाळंतपणात मरता मरता वाचलेली. जोखमीची खूण म्हणून बाईंनी कार्डावर तिच्या नावाखाली दोन रेघा मारल्या. मग मला विचारलं, "माळावरच्या वस्तीवर गेलतीस का?"

"हो बाई. घरं बंद होती."

मी गेले नव्हते. माळावर सात घरांची वस्ती होती आणि चढ उभा. अर्ध्यावर चिंचेखाली मी थांबले होते. वरून घागर घेऊन उतरणारी एक बाई म्हणाली, "समदी रानात गेलीत," आणि मी तिथूनच परत फिरले. रजिस्टरात लिहिलं, 'घर बंद'. ऊन होतं, पाय दुखत होते, याहून मोठं कारण नव्हतं.

संक्रांतीनंतर महादेवीचं पत्र आलं. या वेळी कार्ड नव्हतं, पाकीट होतं. आम्ही दोघी स्वामींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, सगळं पत्र आधी मनात वाचलं आणि पाणी मागितलं. मग एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. द्वारका मोकळी झाली, मुलगी झाली, रक्त चढवलं, दोघी बऱ्या आहेत. बाईंनी डोळे मिटून हात जोडले.

"पुढं हाय आजून," स्वामी म्हणाले. "ती म्हणती, तुमी चौघी लिहिल्यात, पण हितं पाच होत्या. पाचवीचं नाव कौसा. पहिलटकरीण. पाय सुजलेले होते, डोकं लई दुखतं म्हणायची, असं शेजारणीनं मागनं सांगितलं. पहाटे झटके आले. माझ्यापर्यंत आणलं तवा काई उरलं नव्हतं." स्वामींनी पान उलटलं. "ती म्हणती, मी त्या कोपीवरून तीन येळा गेले. कार्डात नाव नव्हतं म्हणून इचारलं न्हाई. ही माझीबी चूक हाय."

कौसा माळावरची. दिवाळीला माहेरी आली होती आणि तिथूनच नवऱ्याच्या टोळीबरोबर गेली. सुजलेले पाय आणि डोकेदुखी म्हणजे चढलेला रक्तदाब, हे मला पाठ होतं. रक्तदाब मोजायचं यंत्र त्या दिवशी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. चिंचेपासून तिचं घर हाकेच्या अंतरावर होतं.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उपकेंद्रात येऊन रजिस्टर उघडलं, ते पान काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "घर बंद खोड. खरं काय ते लिव्ह." मी लिहिलं, 'मी गेले नाही.' खाली सही केली. बाईंनी त्याखाली आपली सही केली. मला वाटलं, तपासणीची असेल. त्या म्हणाल्या, "मी तुला इचारलं आन् तू सांगितलं त्ये खरं धरलं. चूक माझीबी हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही माळावर गेलो. कौसाची आई भाकरी थापत होती. बाई उंबऱ्याशीच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तू सांग." लेक गेल्याचं तिला टोळीतून कळलेलंच होतं; मी चिंचेखालून परत फिरल्याचं सांगितलं. त्या माऊलीने तवा खाली उतरवला. मग उठली, तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "धाकटीचं लगीन झालंय औंदा. ती बी पुढल्या दिवाळीला जाणार हाय तोडीला. तिला लिवा."

त्यानंतर महिनाभराने साहेबांचा मेमो आला. झालं होतं असं की महादेवीने कौसाच्या मृत्यूची खबर आपल्या वरिष्ठांना दिली. त्यांनी आमच्या जिल्ह्याला कळवलं, की ही बाई तुमची, नोंद तुम्ही करा. जिल्ह्याने उलट लिहिलं, की मृत्यू तुमच्या हद्दीत, नोंद तुमची. या कागदांत शेटेबाईंचं नाव निघालं आणि परराज्यातील खात्याशी परस्पर पत्रव्यवहार का केला, याचा खुलासा मागवला गेला. बाईंनी खुलासा एका ओळीत दिला : 'कारण बाया परस्पर गेल्या होत्या.'

त्यांच्यावर कारवाई व्हायची, पण मध्येच औरंगाबादला एक मोठी परिषद आली. लोकसंख्या, विकास आणि स्त्रियांचं आरोग्य यांवर शेजारी देशांनी एकमेकांकडून काय शिकावं, असा विषय. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेचे पाहुणे. गावात काम करणाऱ्या दोन नर्सा दाखवायला हव्यात म्हणून साहेबांनी आम्हा दोघींना नेलं. "विचारलं तरच बोला," असं बजावलं.

दिवसभर पडद्यावर तक्ते येत-जात होते. दुपारी नेपाळच्या एका डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, की ज्या बाया कामासाठी आपलं ठिकाण सोडून जातात, त्यांची जबाबदारी कोण घेतं? साहेब उठून म्हणाले, "उसके लिए हमारी व्यवस्था है."

शेटेबाई उभ्या राहिल्या. आपल्या दखनी वळणाच्या हिंदीत त्या बोलल्या, "साब, मैं बोलूँ? हमारी एक लड़की थी, कौसा. गन्ना तोड़ने गई, उधरीच मर गई. उधरवाले बोलते इधर की. इधरवाले बोलते उधर की. दोनों के कागज में नहीं मरी वो. कागज पे अब्बी जिंदी है."

साहेबांनी मान खाली घातली. नेपाळच्या त्या बाई म्हणाल्या, "हमारे यहाँ से भी जाते हैं, आपके देश में. हमें तो चिट्ठी भी नहीं आती."

चहाच्या वेळी त्या आपली बशी घेऊन बाईंजवळ आल्या. बाईंनी त्यांना वही दाखवली, कार्डं दाखवली. काय लिहायचं, कोणत्या क्रमाने लिहायचं, हे समजावून सांगितलं. "पहले नाम. बाद में महीना. पाँव सूजे क्या, वो लिखना. सलाम-दुआ जगह बची तो." डॉक्टरीणबाई लहान मुलीसारखं सगळं टिपून घेत होत्या.

मेमो तसाच फायलीत विरून गेला. साहेब त्यानंतर बाईंशी आदराने बोलू लागले, आणि एकदा स्वतः जीप घेऊन माळाच्या पायथ्यापर्यंत आले. पुढे खात्याने स्थलांतरित मातांसाठी तीन प्रतींचा छापील फॉर्म काढला. तो योग्य मार्गाने, सह्या होत होत, हंगाम संपल्यावर पलीकडे पोचायचा. बाई तो फॉर्म मन लावून भरायच्या. "सरकारनं इचारायला सुरुवात केली, ह्येबी कमी न्हाई," म्हणायच्या, आणि पुन्हा कार्ड लिहायला घ्यायच्या. आणखी काही वर्षांनी टार्गेटही गेलं. तेव्हा बाकीच्या नर्सांनी पेढे वाटले. बाईंनी एक पेढा खाल्ला आणि विचारलं, "आता बाईला काय पायजे त्ये कोण इचारणार? तक्ता गेला, आता आपल्यालाच इचारावं लागंल."

त्या निवृत्त होऊन केजला भावाकडे गेल्या. महादेवीची आणि त्यांची भेट शेवटपर्यंत झाली नाही. दोघी एकमेकींना 'ताई' लिहायच्या. कोण थोरली, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

बाई गेल्याचा निरोप मला एका वस्तीवर मिळाला. ऊसतोडीला निघायचे दिवस होते, मी घरोघर फिरत होते. दुपारी गावातला एक माणूस सायकल हाणत आला आणि म्हणाला, "सिस्टर, केजहून फोन आलता. तुमच्या शेटेबाई वारल्या. पाच वाजता माती हाय." लगेच निघाले असते तर जीप मिळाली असती. वस्तीच्या टोकाची दोन घरं राहिली होती. मी ती केली. दुसऱ्या घरातली पोर सहाव्या महिन्यात होती. तिचा रक्तदाब मोजला, जरा चढा वाटला म्हणून पुन्हा मोजला, कारखान्याचं नाव विचारून घेतलं आणि मग निघाले.

केजला पोचले तेव्हा माती होऊन माणसं परतली होती. ओसरीवर त्यांचे भाऊ बसले होते. मला पाहून म्हणाले, "लई उशीर केलात, सिस्टर."

"हो," मी म्हटलं, "दोन घरं राहिली होती."

त्यांनी आत वळून सुनेला हाक मारली आणि माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.