सहा अर्ज अन् माझ्या घराचा पत्ता

दुपारपासून डोकं ठिकाणावर न्हाई, म्हणून इथं लिहून राह्यलो. तुम्ही ओळखीचे आहात, शिव्या द्यायच्या तर द्या.

आज जालन्यात कॉलेजांचे प्लेसमेंटवाले आणि कंपन्यांचे एचआर यांची परिषद होती. आमच्या कॉलेजात पोरांना नोकऱ्या लावून द्यायचं काम माझ्याकडं, म्हणून मी गेल्तो. जेवणाच्या आधी एका कंपनीच्या मॅडम माईकवर आल्या, हातात सहा अर्ज घेऊन. "सहा मुलं, सहा आडनावं, पण पत्ता एकच, इथलंच, जालन्याच्या मस्तगडमधलं एक घर. कुणी दिला यांना हा पत्ता?"

ते घर माझं आहे.

शेजारचे सर कानात म्हणाले, "गप बसा, तुमचं नाव कुठं घेतलंय?" पण गप बसलो असतो तर पोरं खोटारडी ठरली असती. मी उठलो.

"मॅडम, तो पत्ता मीच लिहायला लावला. यातल्या पिंपळगाव रेणुकाई गावच्या पोरीनं आधी गावचाच पत्ता टाकल्ता. तुमचा फोन आला न्हाई. मंग तोच अर्ज माझ्या पत्त्यावरून पाठवला, तर तिसऱ्या दिवशी तुमचाच फोन आला!"

मॅडम एवढंच बोलल्या, "लांबची मुलं टिकत नाहीत हो, सर." आणि अर्ज पालथे घालून ठेवले. त्या सहा पोरांचं पुढं काय होणार, कुणीच सांगितलं न्हाई.

खोटं मी लिहायला लावलं, बिलकुल मान्य. पण उद्या सकाळी तशाच लांबच्या कुंभार पिंपळगावची एक पोरगी कोरा अर्ज घेऊन येणार आहे. तुम्हीच सांगा, पत्त्याच्या रकान्यात तिला काय लिहायला सांगू?