बोरकरभाऊंच्या यादीतला शब्द

बोरकरभाऊ सकाळी ऑफिसात आले की आधी मेल सर्व्हरवर तळहात ठेवत. पोराला ताप आहे का बघावं, तसा. आम्ही हसायचो. "हसू नका ताई, डाक हाय हे, खेळनं नाई," ते म्हणायचे.

बैहरकडच्या बायका झाडांवरून काढलेली लाख आमच्या बालाघाटच्या संस्थेत आणून देत आणि आम्ही ती बाहेरच्या व्यापाऱ्यांना विकत असू. सारा पत्रव्यवहार मेलवर. सर्व्हर घेताना भाऊंनी दोन डिस्कचं यंत्र मागितलं होतं. एक बिघडली तर दुसरीवर पत्रं शाबूत राहावीत म्हणून. अध्यक्षांनी एकीवरच भागवलं. "लंगडा बैल जुंपून राह्यले हे लोक," भाऊ माझ्यापाशी येऊन चरफडले.

मग फसव्या मेलचा पूर आला. पाच लाख जिंकलात, दहा लाखांचं बक्षीस! अध्यक्ष खवळले. भाऊ फिल्टरच्या यादीत एकेक शब्द हाताने चढवू लागले: इनाम, लॉटरी, लकी ड्रॉ. "अहो, 'लाख' टाका ना, एका झटक्यात सगळे अडकतील," मी म्हटलं. माझीच हुशारी! त्यांनी टाकला. लाख विकणाऱ्या ऑफिसात बसून आम्हा दोघांच्याही डोक्यात तेव्हा फक्त आकडा होता.

अडकलेली पत्रं 'कचरा' नावाच्या खान्यात पडत आणि भाऊ ती रोज स्वतः चाळत. पण त्याच आठवड्यात डिस्क खरखरू लागली आणि नवी आणायला ते नागपूरला गेले. तिथे तीन दिवस अडकले. नेमकं तेव्हाच व्यापाऱ्याचं पत्र आलं: सगळी लाख घेतो, परवापर्यंत होकार कळवा. परतल्यावर भाऊंना ते कचऱ्यात सापडलं. त्यांनी लगेच फोन लावला. एका हाताने फोन धरून दुसरा हात कपाळाला लावत, वाकून वाकून विनवत होते. व्यापाऱ्याने माल दुसरीकडून उचललाही होता.

दुसरं गिऱ्हाईक मिळेना. उन्हाळा तापला, गोदामात पोत्यांतली लाख वितळून चिकटू लागली. बायकांचा वर्षभराचा आधार डोळ्यांदेखत वाया चालला होता.

"बायांले सांगाले मीच जातो. तुम्ही बी चाला," भाऊ म्हणाले. आम्ही जीपने बैहरला गेलो.

शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या. भाऊंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्यांच्यातली थोरली फुलाबाई शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिने विचारलं, "साहब, हमारी लाख को कचरा किसने बोला?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मैंने," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही. महिन्याअखेर त्यांनी नोकरी सोडली, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. तेव्हाही उघडलं नाही. त्यांना नोकरी सोडून आता वर्ष झालं. फुलाबाई ऑफिसात येते तेव्हा अजून त्यांनाच बोल लावते, आणि मी ऐकून घेते.