राहेलमावशीचं न पाठवलेलं आभारपत्र

प्रिय रूथ आणि समीर,

राहेलमावशी गेली त्याला आज पाच आठवडे झाले. फोनवर तुम्हाला नुसती बातमी सांगितली. परवा तुमच्या आईचं पत्र आलं, की नाताळासाठी तुमच्या चर्चमध्ये जुन्या कोटांची खोकी भरणं चालू आहे आणि तुम्ही दोघं त्यात रमला आहात. म्हणून हे आत्ताच लिहिते. असं एक खोकं उघडलं तेव्हा मी तिथे होते...

मध्य प्रदेश नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. इथे इंदुरात, मिशनच्या मुलींच्या शाळेत, मी इंग्रजी शिकवत असे आणि राहेलमावशी बोर्डिंगचा स्वयंपाक करायची. नाताळाआधी परदेशातून कपड्यांचं खोकं यायचं. ज्याला जे मिळेल त्याने देणाऱ्याला आभाराचं पत्र पाठवायचं, असा नियम होता. इंग्रजी नीट येणारी मी, म्हणून सगळ्यांची पत्रं माझ्याकडे. त्या वर्षी मावशीला निळा लोकरी कोट मिळाला. खिशात देणाऱ्या बाईंचं नाव आणि पत्ता होता.

आठवड्याने ती पत्र सांगायला बसली. कोट कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, कापला. मिलच्या चाळीत एकीला जुळी झाली होती, त्यांच्यासाठी दोन झबली शिवली. मी रागावले. तिला हसू आलं.

"चुलीपुढे कोट घालून मी काय मेम दिसणार, बाई? लिहा तुम्ही."

मग तिने सांगितलं, "बहिणी, तुझा कोट दोन पोरं घालतायत, एकदम बढिया आहे. तुझे उपकार. पण तुझ्याकडे दुसरा आहे ना? तिकडे खूब थंडी असते म्हणतात. नसेल तर सांग, मी गोधडी पाठवते."

हे मी लिहिलं नाही. कोट कापल्याचं कळून त्या बाईंना वाईट वाटेल, आणि देणाऱ्यालाच उलट गोधडी विचारायची, हे मला बरं दिसेना. तिच्या नावाने मी लिहिलं, की दर रविवारी तो कोट घालून मी चर्चला जाते. सुवाच्य अक्षर, एकही चूक नाही.

पुढच्या नाताळात उत्तर आलं. कोट घातलेला फोटो पाठव, असं. मावशीने आधी एवढंच विचारलं, "दुसरा कोट आहे म्हणाल्या का?" मी म्हटलं, आहे. फोटोचं सांगितलंच नाही. पत्र फाडून टाकलं, त्यासोबत पत्ताही गेला. पुढे कितीतरी वर्षं मावशी मला चिडवायची, की तुमच्या इंग्रजीला घाबरूनच मेमसाहेब पळाली. मी हसण्यावारी नेत असे...

आभार म्हणजे नीटनेटकं लिहिलेलं पत्र, असं मी धरून चालले होते. तिला मात्र देणाऱ्याची थंडी आठवली. प्रभूच्या जन्माचे इतके सण पाळून मला हे उशिरा कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी तिला सगळं सांगितलं. तोवर तिला मी ओळखू येत नव्हते. माझे गार हात तिने आपल्या पांघरुणात ओढून घेतले, एवढंच. त्या बाईही आता नसतील. माफी कुणाची मागू, कळत नाही.

त्या दिवशी मावशीचं बोलणं मी आधी पेन्सिलीने मराठीत उतरवून घेतलं होतं. तो कागद माझ्याकडे आहे.