दहापैकी नऊ

कामिनी लग्नानंतर लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात आली तेव्हा तिचं अर्थशास्त्रातलं एमए पूर्ण झालं होतं. त्याचा पहिला उपयोग झाला तो थेट वयाच्या चौतिसाव्या वर्षी. नागपूरहून भुपेंद्रसर आले. गावोगावच्या संस्था किती नीट चालतात ते मोजायचं, त्यावरून विकासाचा अभ्यास करायचा, असं त्यांचं काम होतं. कामिनीनं तलावाच्या पाणीवाटप समितीबद्दल घरोघरी विचारायचं ठरलं.

"लोक सांगतील तेच लिहा. नाव कुणाचंच बाहेर येणार नाही," सर म्हणाले.

आनंदाबाईची बांधी, म्हणजे धानाचं शेत, तलावापासून सगळ्यात दूर. ती आधी बोलेचना.

"माहं नाव नाई येनार ना?"

"नाई येनार, काकू."

मग ती बोलली. सभा होतच नाही. एकोणीस वर्षं समितीचा अध्यक्ष असलेला परसराम सभेचं रजिस्टर घरोघरी पाठवून अंगठे घेतो. तक्रार केली की पाण्याची पाळी चुकते. सत्तावीस घरांनी हेच सांगितलं. कामिनीनं शब्द न् शब्द लिहून दिला.

पाच महिन्यांनी निकाल सांगायला ग्रामपंचायतीपुढे मांडव घातला गेला. समितीला दहापैकी नऊ गुण मिळाले होते.  कामिनीनं सरांना बाजूला गाठलं.

"सर, हे कसं?"

"सगळ्या गावांना एकच माप लावावं लागतं. रजिस्टर हा पुरावा. लोक काय, काहीही बोलतात."

"मंग मले घरोघरी काहून पाठवलं?"



तेवढ्यात पाहणीच्या कामाबद्दल शाल-श्रीफळासाठी तिचंच नाव पुकारलं. बायकांच्या रांगेत आनंदाबाई बसली होती. विकली गेलीस ना, असंच तिची नजर म्हणत होती. कामिनीनं शाल घेतली नाही, माईक घेतला.

"सभा होत नाई. सत्तावीस घरांनी मले सांगितलं, अन् मी तसंच लिहून देल्लं होतं."

 परसराम हसतच उठला. "कोन्या घरानं सांगितलं? घे नाव."

तिनं रांगेवरून नजर फिरवली. एकेक मान खाली गेली. आनंदाबाईनंही पदर सावरून तोंड फिरवलं. एक जण जरी उठला असता! पण नाव न घेण्याचा शब्द तिनंच दिला होता.

"नाई सांगनार," ती म्हणाली.

"मंग खोटं बोलून राहिली," परसराम म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

ती खाली उतरली तोवर सरांची गाडी निघून गेली होती.