दोन किलो सोललेले पोपट

पहारेकऱ्यानं विचारलं, "पिशवीत काय आहे?" आणि शुद्धच बोलायचं ठरवून आलेला मी ताठ मानेनं म्हणालो, "पोपट आहेत."

"जिवंत?"

"छे हो! सोललेले. काल आम्ही दोघांनीच बसून सोलले. दोन किलो तरी भरतील."

त्याचा हात वॉकीटॉकीकडे गेला.

आमच्या भंडाऱ्याकडं पोपट म्हणजे वालाचे दाणे. धान निघालं की बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, वेलांना शेंगा लागतात आणि थंडीभर घरोघरी त्यांचीच भाजी. पक्षी असेल तर तो मिठू. त्यामुळे आमच्यात कधी घोळ होत नाही. तो घालायला मला छत्रपती संभाजीनगरला, जुन्या दरवाजांच्या त्या शहरातल्या सगळ्यात बड्या हॉटेलात जावं लागलं.

आमची लेक तिथं सहा महिन्यांपासून स्वयंपाकघरात शिकाऊ. चौघी शिकाऊ, पण कायम करणार एकीलाच. त्या दिवशी एक वाजता प्रत्येकीनं मुख्य शेफपुढे आपल्या घरचा एक पदार्थ ठेवायचा होता. पोरीनं पोपटाची भाजी लिहून दिली, आणि तिथल्या बाजारात ओले दाणेच मिळेनात. रडवेल्या आवाजात फोन आला, "बाबा, अकराच्या आत आणा. अकरानंतर बाहेरचं काही आत घेत नाहीत."

म्हणून बायकोच्या माहेराहून, बपेऱ्याहून शेंगा आणल्या, सोलल्या, दाणे स्टीलच्या डब्यात भरले आणि बस धरून आम्ही दोघं आलो. मी चिखल्याच्या खाणीत फाटकावर कामगारांची हजेरी घेतो. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून लोकांना फाटकावरून परत पाठवणारा माणूस. साडेदहाला त्या दगडी कमानीखाली उभा राहिलो, तेव्हा वाटलं, वेळेचा हिशोब आपल्याला कोणी शिकवू नये.

आत शिरण्याआधी बायकोला बजावलंही होतं, "तू बोलू नको. इथं शुद्ध बोला लागते. मी पाहतो."

सुरक्षा अधिकारी आले. तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर स्टीलचा डबा नुसता काळा दिसत होता. "पिशवीला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "पोपट नुसता पाळणं हासुद्धा गुन्हा आहे. माहीत आहे ना?"

"पण आमच्याकडं घरोघरी खातात, साहेब!"

हे बोलायला नको होतं. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. अधिकाऱ्यांनी मॅनेजरना फोन लावला. तोवर मला घाम फुटला होता. वाल हा दोन अक्षरांचा शब्द, पण मेला आठवेल तर शपथ! अवघी शुद्ध मराठी डोक्यातून पळाली होती.

"म्हणजे... झाडावरचे नाहीत ते. वेलावरचे."

"वेलावर पोपट?"

"आम्ही पेरतो ना दरवर्षी."

"काका," अधिकारी आवाज चढवून म्हणाले, "इथं मस्करी चालत नाही. मॅनेजर येईपर्यंत बाजूला बसा."

दहा पन्नास. पोरीला फोन लावला. बंद. कामावर असताना फोन कुलपात ठेवावे लागतात, हे तिनंच सांगितलं होतं. आत ती दाराकडे बघत असेल. मी भिंतीवरच्या त्या भल्यामोठ्या घड्याळाकडे बघत होतो, आणि खाणीच्या फाटकावरून मी परत पाठवलेला एकेक माणूस मला आठवत होता.

दहा चौपन्न.

बायको उठली. "तू बस," मी पुटपुटलो. ती बसली नाही. काल सोलता सोलता उरलेल्या चार शेंगा तिच्या पर्समध्ये होत्या. एक काढली, अधिकाऱ्यांच्या नाकासमोर कट्कन फोडली आणि दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हा घ्या जी पोपट. उडते का पाहा."

अधिकारी दाण्याकडे बघत राहिले. "अहो, हे तर वाल आहेत!"

"तुमच्याकडं असन वाल. आमच्याकडं पोपटच म्हन्तेत. आता आत नेता का इथंच पिल्लं काढता? पोरगी वाट पाहून राहिली तिकडं."

पहारेकरी खो-खो हसला. अधिकारी हसले नाहीत, पण डबा त्यांनी स्वतः उचलला आणि अक्षरशः पळत आत नेला. तीन मिनिटं उरली होती.

मग लॉबीत त्या मऊ सोफ्यावर आम्ही दोघं. तो इतका खोल की बसल्यावर गुडघे हनुवटीला लागत. एक वाजला, दोन वाजले. मला तर आता बोलायची भीतीच बसली होती.

अडीचला पोरगी आली, पांढऱ्या टोपीतच. डोळे लाल.

"बाबा, तुम्ही दारात काय सांगितलं? अख्खं स्वयंपाकघर माझा पदार्थ पाहायला गोळा झालं होतं! शेफनी तर आधी विचारलं, पंख काढले का म्हणून."

"आणि मग?"

"मग दोनदा वाढून घेतलं." आता तिला हसू आवरेना. "ठेवलं मला. पुढच्या महिन्यापासून कायम."

परतीच्या बसमध्ये मी हळूच म्हणालो, "तसं पाहिलं तर माझ्यामुळंच सगळे पाहायला आले म्हणायचे."

बायकोनं खिडकीतून नजर काढली नाही. "अजी, गावात कोनी विचारलं ना, तिथं काय झालं, तर येकदाच शुद्ध बोला. पोपट झाला म्हना."