रिस्ट्रेन या शब्दाचा अर्थ

वसमतच्या एका दवाखान्यात बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं भान गेलं. नाकातली नळी त्यांनी दोनदा उपसली. शेतावर कढईतली हळद जास्त शिजून राहिली, मला उठू द्या, असं ते सारखं म्हणत होते.

सिस्टरनं माझ्यापुढे एक छापील इंग्रजी कागद ठेवला आणि सही करायला सांगितलं. 'फिजिकल रिस्ट्रेंट' या शब्दांवर माझी नजर अडली. मी कळमनुरीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. रिस्ट्रेन म्हणजे आवरणे, रोखून धरणे, हे फळ्यावर कितीदा लिहिलंय. वाक्यात उपयोग करा म्हटलं की अर्धा वर्ग एकच वाक्य लिहितो, तिला रडू आवरलं नाही. माणसाला बांधून ठेवण्यासाठीही हाच शब्द वापरतात, हे मला ठाऊक होतं. तसं वाक्य मात्र मी कधी दिलं नव्हतं.

कागदात काय लिहिलंय, आईनं विचारलं. बाबांना आवरायची परवानगी मागतायत, असं मी सांगितलं.

"आवरायचं म्हंजे काय करायचं?"

"हात पलंगाला बांधायचे."

स्टूल पुढं ओढून आईनं बाबांचे दोन्ही हात धरले आणि तशीच बसली. सिस्टर म्हणाली, बघा तुम्ही, पण नळी पुन्हा निघाली तर घालताना त्यांनाच तकलीफ होईल.

मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. कागदाची घडी घालायची, उलगडायची. विचारायला भाऊ-बहीण कुणी नाही. तासाभरानं आत गेले तर आईच्या हातांवर नखांचे ओरखडे उठले होते. काहून धरलंस, सोड ना, असं बाबा तिला विनवत होते. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "कर बाई सही. माह्यानं आता धरवत न्हाई."

मी सही केली. सिस्टरनं मनगटांना कापूस लावून पट्ट्या बांधल्या. बाबांनी बराच वेळ हिसके दिले. मग परक्या बाईकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले. मला तिथं थांबवेना. उगीच स्टँडपर्यंत चालत गेले आणि परत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते शुद्धीवर होते. पट्ट्या सोडल्या. मनगटावरचे लाल वळ निरखत त्यांनी विचारलं, बांधायला कुणी सांगितलं? मी बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "म्या सांगितलं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी गप्प राहिले.

आता ते चांगले हिंडते-फिरते आहेत, शेतातही जातात. आईशी पूर्वीसारखंच बोलतात, पण तिनं आधाराला हात पुढं केला की घेत नाहीत. दर सुट्टीला गावी जाताना या खेपेला सांगूनच टाकायचं, असं ठरवते. त्यांच्याजवळ बसते, हळदीचं विचारते, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येते.