पानाबाईचा अर्ज

हेलिकॉप्टरची इंजिनं खोलण्या-जोडण्यात तिनं सैन्यात सतरा वर्षं काढली. खिशात कायम पाना, म्हणून सगळे तिला पानाबाई म्हणत. दुसऱ्यांनी उडायचं आणि आपण खाली उभं राहून हात पुसायचे, याचा तिला वीट आला होता. निवृत्तीच्या वेळी वय होतं एकेचाळीस. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलतं, म्हणून तिनं थेट वैमानिक प्रशिक्षणासाठी अर्ज ठोकला. दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, परोपरीनं सांगितलं की हे नसते उद्योग सोड, गॅरेज टाक. ती अर्जाचं काय झालं ते विचारायला माजी सैनिकांच्या कार्यालयात गेली.

कार्यालयातल्या साहेबांचं म्हणणं असं, की विमान उडवणं ही हौस. योजना पोटापाण्याच्या शिक्षणासाठी आहे. तिसऱ्या खेपेला त्यांनी वय काढलं. पानाबाई नियमांची पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचून आली होती.

"साहेब, वयाची अट कुठल्या पानावर आहे?"

"काही गोष्टी न लिहिताही समजून घ्यायच्या असतात, बाई."

"मग नकार लिहून द्या. सही-शिक्क्यासकट."

साहेबांनी पेन काही उघडलं नाही. ती समोरच्या बाकावर ठाण मांडून बसली. शिपायानं पंखा बंद केला तरी हलली नाही. संध्याकाळी साहेबांना एक खरी अट सापडली: पहिला, खासगी परवाना स्वतःच्या बळावर काढायचा, व्यावसायिक प्रशिक्षणाचा खर्च त्यानंतर. ब्याद टळली, असं त्यांना वाटलं.

ती तडक फ्लाइंग क्लबात गेली. सकाळी विमानांची देखभाल, त्या बदल्यात दुपारी धडे, असं तिनं प्रशिक्षकांशी ठरवलं. पहिल्यांदा उतरताना विमान बेडकासारखं तीनदा उसळलं. विशीतली शिकाऊ मंडळी हसली.

"हसा खुशाल," ती म्हणाली, "पण धावपट्टी मोकळी ठेवा. मी परत येतेय."

दीड वर्षानं खासगी परवाना घेऊन ती साहेबांपुढे उभी राहिली. या वेळी त्यांनी आधी खुर्ची दिली, मग मंजुरीवर सही केली. व्यावसायिक परवानाही यथावकाश हाती आला.

आता ती छोट्या विमानातून डोंगरापलीकडच्या दवाखान्यांना औषधं पोचवते. एकदा दादाला शेजारी बसवून नेलं. विमान धावपट्टीवर थांबलं. मग पट्टा सोडवत त्यानं विचारलं, पुढची फेरी कधी आहे?